रावसासाठीं झगझगीत नळी-माशी : बांधण्याची रीत, वापर व मर्यादा

वायंगणाचें भात झोडून झालें आणि पावसाळी नांगरटीला अजून अवकाश आहे, असे फाल्गुन-चैत्राचे जे दिवस, त्यांत शिरोडा, आरवली, रेडी व आरोंदा या टापूंतील शेतकऱ्यांस सकाळ-संध्याकाळ थोडी फुरसत सांपडते. यांपैकीं पुष्कळांची जमीन खाडीच्या किंवा व्हाळाच्या कांठास लागून आहे. दारांत माड, मागें शेत आणि शेतापलीकडे भरतीचें पाणी, अशी त्यांची स्थिति असते. शिरोडा गांव मिठागरांमुळें आणि मे १९३० मधील मिठाच्या सत्याग्रहामुळें सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. ज्या खाऱ्या पाण्यापासून येथें मीठ पिकविलें गेलें, त्याच पाण्यांत घरच्या जेवणाची एक मोठी सोय आहे, आणि ती नीट राखली तरच पुढील पिढीस मिळणार आहे. ती सोय म्हणजे रावस मासा. तो गळानें, आणि तोहि आमिषावांचून, कसा धरावा, व त्यांतील कोणता धरूं नये, हा आजच्या धड्याचा विषय आहे.

रावस आणि सामन

रावसाला युरोपियन लोकांनीं 'हिंदी सामन' असें नांव दिलें. मांसाची चव व अंगाची चांदीसारखी झळाळी यांवरून तें पडलें असावें. वास्तविक दोन्ही माशांचें कूळ अगदीं निराळें आहे. सामन हा थंड प्रदेशांतील मासा. तो समुद्रांत वाढतो आणि अंडीं घालण्याकरितां नदी चढून थेट गोड्या पाण्यांत जातो. रावसाच्या छातीच्या परांखालीं सुट्या तंतूंचा झुपका असतो. आपल्याकडील रावसास असे चार तंतु असतात, म्हणून त्याच्या शास्त्रीय नांवांतहि 'चार बोटांचा' असा शब्द घातलेला आहे. गढूळ पाण्यांत भक्ष्य चांचपण्यास हे तंतु उपयोगी पडतात. त्याचें नाकाड पुढें आलेलें, तोंड खालच्या बाजूस आणि डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा असतो. सुंगटें, शेवट्यांचीं पिलें, पेडवे वगैरे लहान जीव हें त्याचें खाद्य. भरतीबरोबर तो खाडींत शिरतो आणि ओहोटीबरोबर मुखाकडे सरकतो.

हा फरक सांगण्याचें कारण असें कीं, ज्या साधनाचें वर्णन आम्ही पुढें करणार आहों, तें मूळचें सामनसाठीं निघालेलें आहे. नदींत शिरलेला सामन खाणें जवळजवळ सोडून देतो. तो माशीवर झडप घालतो ती भुकेनें नव्हे, तर चीड किंवा जुनी सवय यांमुळें, असें समजतात. रावस मात्र भुकेनें शिकार करतो. त्यामुळें सामनच्या माशीचा रंग हा बराचसा कारागिराच्या हौसेचा प्रश्न असतो. आपल्या माशीला मात्र सुंगटाचा किंवा पिलाचा भास उत्पन्न करावा लागतो. साधन परकें असलें तरी तें जसेंच्या तसें उचलूं नये; आपल्या पाण्यास जुळवून घ्यावें.

नळी-माशी म्हणजे काय

पिसें, केंस व जर दोऱ्यानें बांधून केलेल्या कृत्रिम आमिषास गळ टाकणारे लोक 'माशी' म्हणतात. मग तें दिसावयास माशीसारखें असो वा नसो. जुन्या पद्धतींत हें सर्व गळाच्या दांडीवरच बांधीत. १९४५ च्या सुमारास स्कॉटलंडमधील ॲबर्डीन शहरीं माशा बांधणाऱ्या एका कारागीर बाईनें टर्की पक्ष्याच्या पिसाचा देठ पोकळ करून त्यावर माशी बांधली, आणि तेथून नळी-माशीची सुरुवात झाली असें सांगतात. पुढें पिसाच्या देठाऐवजीं प्लॅस्टिकच्या, ॲल्युमिनियमच्या व पितळेच्या नळ्या आल्या. तिकडे वसंत ऋतूंत नद्या बर्फाच्या पाण्यानें भरून वाहतात, पाणी थंड व खोल असतें. म्हणून त्या हंगामांतील सामनसाठीं लांब, जड व झगझगीत माशी वापरतात.

या पद्धतींत तंगूस नळीमधून ओंवून त्याच्या टोंकास गळ बांधतात. मासा लागला म्हणजे नळी तंगुसावरून वर सरकते आणि माशाच्या तोंडांत एकटा गळ उरतो. यापासून तीन फायदे होतात. पहिला, माशी दांतांखालीं चुरडत नाहीं, म्हणून पुष्कळ दिवस टिकते. दुसरा, लांब दांडीच्या गळाला तरफेचा जोर मिळून तो निसटण्याची जी भीति असते, ती आंखूड गळास नसते. तिसरा व आपल्यास सर्वांत महत्त्वाचा असा कीं, खाऱ्या पाण्यानें गळ गंजला तर फक्त गळ बदलावा. बांधलेली माशी फुकट जात नाहीं.

आमिष असतां माशी कशाला

जिवंत किंवा ताजें सुंगट लावून गरवणें ही आपली जुनी रीत आहे व तिला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. गढूळ पाण्यांत आणि रात्रीं वासावर मासा येतो, तेव्हां आमिषासारखें दुसरें साधन नाहीं. परंतु आमिषाकरितां बारीक आसाचें जाळें किंवा पाग टाकला म्हणजे मूठभर सुंगटांबरोबर रावस, जिताडा, शेवटा, काळुंदर यांचीं बोटभर पिलेंहि येतात आणि कांठावर मरतात. चार सुंगटें गळास लावण्यासाठीं शंभर पिलें वाळूंत टाकणें, म्हणजे पेरावयाचें बियाणें जात्यांत घालण्यासारखें आहे. पाणी निवळलेलें असून उजेड असतां माशी तेंच काम करते. ती वासावर नव्हे, चमक व हालचाल यांवर मासा बोलावते. म्हणून ती स्थिर टाकून उपयोग नाहीं, सतत हालती ठेवावी लागते. हें एकदां लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व कृतीचा हेतु समजेल.

साहित्य

नळी : संपलेल्या बॉलपेनची कांडी उत्तम. बाहेरून सुमारें तीन मिलिमीटर जाड, आंतून तंगूस सहज जाईल इतकी पोकळ. टोंकाचा धातु उपटून काढावा, आंतील शाई स्पिरिटनें धुवावी आणि दोन इंचांचे तुकडे कापावे. खोल पाण्यासाठीं तेवढ्याच जाडीची पितळी नळी मिळाल्यास घ्यावी. मात्र तिच्या कडा कानशीनें घासून त्यांवर प्लॅस्टिकचें अस्तर बसवावें, नाहींतर तंगूस कापला जातो.

केंस : पांढऱ्या शेळीचे, पाठीवरचे किंवा शेंपटीचे, चार ते पांच इंच लांबीचे. फार राठ केंस पाण्यांत हलत नाहींत, फार मऊ लोकरीसारखे केंस एकमेकांस चिकटतात. मधल्या प्रतीचे निवडावे.

पिसें : कोंबड्याच्या मानेचीं व पाठीचीं लांब निमुळतीं पिसें. खाण्याकरितां मारलेल्या निरोगी कोंबड्याचींच घ्यावीं. रोगानें मेलेल्या पक्ष्याचीं घेऊं नयेत. रिठ्याच्या पाण्यांत धुऊन तेलकटपणा काढावा, सावलींत वाळवावीं व कसर लागूं नये म्हणून डांबराच्या गोळीबरोबर बंद डब्यांत ठेवावीं. परदेशी कारागीर मोरपिसाची फार स्तुति करतात. आपण त्याच्या नादीं लागूं नये. मोरास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें संरक्षण आहे, आणि कोंबड्याच्या पिसानें काम अडत नाहीं.

जर : झगझगीतपणाचा सर्व भार हिच्यावर आहे. जुन्या लुगड्याच्या कांठाची खरी जर असेल तर तींत तांब्या-रुप्याची तार असते आणि ती खाऱ्या पाण्यांत काळवंडते. म्हणून येथें खोटी जर अधिक चांगली. प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर धातूचा मुलामा दिलेली ही जर गंजत नाहीं. सोनेरी व रुपेरी अशा दोन्ही रंगांची थोडी थोडी ठेवावी.

इतर वस्तु : शिवणकामाचा मजबूत दोरा, मधमाशीचें मेण, नखांस लावण्याचें बिनरंगी वार्निश, बारीक काळे मणी, सायकलच्या वॉलची बारीक रबरी नळी, कात्री, पकड आणि एक मोठी दाभणवजा सुई.

रंग : केंस व पिसें हीं लोकरीप्रमाणेंच प्राणिज आहेत, म्हणून लोकरीस चालणारा रंग शिरक्याबरोबर कोमट पाण्यांत घातल्यास तीं चांगलीं रंगतात. हळदीचा पिवळा रंग सुंदर येतो, परंतु उन्हांत लवकर विटतो. पाणी उकळूं देऊं नये, पिसें आंखडतात.

बांधण्याची रीत

१. सुई बसविणें. लांकडाच्या ठोकळ्यास भोंक पाडून सुईचें जाड टोंक त्यांत घट्ट ठोकावें आणि सुई आडवी राहील असा ठोकळा मेजास बांधावा. नळीच्या दोन्ही कडा दिव्याच्या आंचेजवळ क्षणभर धराव्या म्हणजे किंचित वळून ओठ तयार होतो. हा ओठ दोरा निसटूं देत नाहीं. आंच लागतां कड आंत वळून भोंक बुजलें असेल तर सुईनें मोकळें करावें. नळी सुईवर सरकवून जेथें अडकेल तेथें दाबून बसवावी. सुईच्या मोकळ्या टोंकावर बुचाचा तुकडा टोंचून ठेवावा, नाहींतर हाताला इजा होते.

२. पाया. मेण लावलेला दोरा नळीच्या पुढील टोंकापासून पाव इंच मागें धरून त्यावरच पांच-सहा वेढे द्यावे, म्हणजे तो पकडला जातो. तेथून मागें, वेढ्याला वेढा लावीत जावें. मागील पाव इंच नळी उघडी सोडावी. ती जागा रबरी नळीची आहे. पाया गुळगुळीत नसेल तर वरची जर वर-खालीं होते आणि तिची चमक तुटक दिसते.

३. अंग. मागील टोंकाशीं जरीची चपटी पट्टी व बारीक तंगुसाचा एक वीतभर तुकडा बांधावा. दोरा पुढें आणावा. जर कडेला कड लावून पुढें गुंडाळावी व दोऱ्यानें बांधावी. नंतर तंगुसाचा तुकडा उलट दिशेनें, विरळ वेढ्यांनीं पुढें आणून बांधावा. उलट दिशेचा हेतु असा कीं, जर एखाद्या ठिकाणीं तुटली तरी सुटत जात नाहीं.

४. केंस. आगकाडीच्या जाडीइतका केंसांचा एक झुपका घ्यावा. त्याच्या मुळांकडील आंखूड लव बोटांनीं ओढून काढावी. झुपक्याची लांबी नळीच्या दुप्पट, म्हणजे चार इंच. असे तीन झुपके नळीभोंवतीं सारख्या अंतरावर बांधावे. सर्व केंस एकाच बाजूस बांधणें हा नवशिक्याचा नेहमींचा दोष. अशी माशी पाण्यांत आडवी होते. प्रत्येक झुपका बांधल्यावर मुळांशीं वार्निशाचा एक थेंब सोडावा.

५. झळाळी. जरीचे आठ ते दहा तंतु घेऊन मध्यें दुमडावे आणि नळीच्या दोन्ही अंगांस अर्धे अर्धे बांधावे. सर्वांची लांबी सारखी कापूं नये. कांहीं केंसांच्या आंत, कांहीं केंसांपेक्षां अर्धा इंच बाहेर ठेवावे. याहून अधिक जर घालण्याचा मोह होतो, तो आवरावा. केंसांतून जर मधूनमधून चमकली पाहिजे. पिलांचा थवा वळतो तेव्हां खवल्यांवर उजेड क्षणभर पडतो व जातो. आपणांस तीच नक्कल करावयाची आहे.

६. पीस. कोंबड्याचें एक लांब पीस टोंकाकडून बांधून, त्याचे तीन वेढे नळीच्या डोक्याशीं द्यावे आणि तंतु मागें दाबून दोऱ्यानें धरावे. या झालरीमुळें केंस नळीपासून किंचित उचललेले राहतात व ओढ थांबतांच फुलतात. रावस बहुधा त्याच क्षणीं झडप घालतो.

७. डोळे. येथें एक बारीक गोष्ट आहे. माशीस पिलाचा आकार द्यावयाचा असेल तर दोन काळे मणी पुढील टोंकाशीं, दोऱ्याचे एकमेकांस छेदणारे वेढे देऊन बांधावे. सुंगटाचा आकार द्यावयाचा असेल तर मणी मागील टोंकाशीं, म्हणजे गळाकडे बांधावे. कारण भ्यालेलें सुंगट शेंपटी आपटून उलट दिशेनें पळतें. त्याचे डोळे नेहमीं मागें राहतात. बाजारी नमुन्यांतहि पुष्कळदां हें उलटें असतें. सुंगट करतांना मण्यांचे वेढे केंस बांधण्यापूर्वींच द्यावे.

८. शेवटची गाठ. निराळ्या दोऱ्याचा फांसा नळीच्या डोक्यावर ठेवून त्यावरून शेवटचे सहा-सात वेढे द्यावे. दोऱ्याचें टोंक फांशांतून घालावें आणि फांसा ओढून काढावा. टोंक वेढ्यांखालीं गच्च बसतें. कोयत्याच्या मुठीस सुतळी बांधतात तीच ही युक्ति. वर वार्निशाचे दोन हात द्यावे व पूर्ण एक दिवस वाळूं द्यावें.

रंगांची योजना

पाणी निवळलेलें व ऊन स्वच्छ असतां पांढरे केंस, रुपेरी जर व पाठीवर किंचित हिरवें पीस असा साधा पोषाख करावा. पाणी हिरवट-गढूळ असतां पिवळे-नारिंगी केंस व सोनेरी जर घ्यावी. सूर्य मावळल्यावर चमकेचा उपयोग सरतो. मासा वरच्या फिक्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर माशीची सावली पाहतो, म्हणून तेव्हां काळी किंवा जांभळी माशी बरी. तांबडा रंग आपणांस भडक दिसतो, परंतु पाण्यांत तोच सर्वांत आधीं नाहींसा होतो व काळसर दिसूं लागतो. तीन रंगांच्या तीन माशा डबींत असल्या म्हणजे पुरे.

गळ व तंगूस

०.४० मिलिमीटर जाडीचा तंगूस माशीच्या डोक्याकडून ओंवावा व टोंकास आंखूड दांडीचा एकेरी गळ बांधावा. गळाचा आंकडा नळीच्या जाडीच्या निदान दुप्पट उघडा हवा, नाहींतर तो रुतत नाहीं. रबरी नळीचा अर्ध्या इंचाचा तुकडा निम्मा माशीच्या मागील टोंकावर व निम्मा गळाच्या डोळ्यावर चढवावा. गळ सरळ रेषेंत राहतो आणि मासा लागतांच सुटा होतो. गळाचा कांटा पकडीनें दाबून टाकावा. तंगूस ताणलेला ठेवल्यास मासा सहसा सुटत नाहीं; उलट लहान मासा सोडतांना त्याचा जबडा फाटत नाहीं, आणि गळ आपल्याच बोटांत शिरला तर सहज निघतो. बोटांत गळ गेल्यास जखम साबणानें धुऊन धनुर्वाताची सुई टोंचून घ्यावी.

प्लॅस्टिकची माशी हलकी असते, म्हणून तिच्या पुढें दोन हातांवर वजन बांधावें. शिशाची गोळी दांतांनीं दाबण्याची संवय पुष्कळांस असते; ती सोडावी, शिसें हें विष आहे. पितळेची लहान चाकी तेंच काम करते. काठी वापरावयाची नसल्यास हातगरीनेंहि ही माशी चालते. होडींतून सावकाश वल्हवीत मागें सोडली तरी चालते.

पाण्यावर नेण्यापूर्वीं माशी घरच्या टाकींत किंवा शेतांतल्या पाटांत ओढून पाहावी. ती सरळ पोहली पाहिजे. गरगर फिरत असेल तर केंस एका बाजूस जास्त झाले आहेत. कात्रीनें थोडे कमी करावे. गळ खालीं लोंबत असेल तर रबरी नळी सैल आहे. केंस गोळा होऊन दोरीसारखे दिसत असतील तर ते फार झाले आहेत. निम्मे काढले तरी माशी अधिक जिवंत दिसेल.

वेळ व जागा

भरती-ओहोटीची वेळ काढण्याचा जुना ठोकताळा वाचकांस ठाऊक असेल. तिथीची पाऊणपट करावी; जो आंकडा येईल तितक्या वाजतां मुंबईच्या किनाऱ्यास पूर्ण भरती असते. द्वितीयेस दीड, चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. तेथून सुमारें सवासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. आपल्या बाजूस भरती मुंबईपेक्षां थोडी आधीं येते, व खाडींत आंत जावें तसा उशीर होतो. म्हणून प्रत्येकानें आपल्या बांधावर चार दिवस खूण पाहून फरक ठरवावा.

ओहोटीचे शेवटचे दोन तास उत्तम. पाणी उतरूं लागलें म्हणजे कांदळांच्या मुळांतून व खाजणाच्या चरांतून पिलें आणि सुंगटें बाहेर पडतात आणि रावस चराच्या तोंडाशीं त्यांची वाट पाहतो. अमावास्या-पौर्णिमेनंतर द्वितीयेच्या सुमारास हे दोन तास सूर्यास्ताशीं जुळतात, म्हणून ती संध्याकाळ विशेष चांगली. परंतु ते उधाणाचे दिवस असल्यामुळें तेरेखोलच्या मुखाशीं पाण्यास फार ओढ असते. तेथें वाळूच्या दांड्यावर उभें राहूं नये. आंतील वळणावर, शांत पाण्यांत उभें राहावें. एकट्यानें जाऊं नये. होडींत तरंगतें जाकीट घालावें. भांगाच्या दिवसांत ओढ कमी व पाणी अधिक स्वच्छ असतें, तेव्हां दिवसाहि माशी चालते.

माशी ओढाच्या वरच्या बाजूस टाकून पाण्याबरोबर वाहूं द्यावी. नंतर एक हात ओढावी, दोन अंक मोजावे, पुन्हां ओढावी. सारखी व घाईघाईनें ओढलेली माशी कोणत्याहि खऱ्या पिलासारखी दिसत नाहीं.

कोणता मासा ठेवावा

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, ती सांगतों. रावस आधीं नर म्हणून पक्व होतो, आणि पुढें वाढल्यावर त्याचीच मादी होते. जिताडा, ज्यास गोव्याकडे चोणक म्हणतात, त्याचीहि तीच गोष्ट. म्हणजे पाण्यांत जे सर्वांत मोठे मासे आहेत, त्या बहुतेक सर्व माद्या असतात, आणि एका मोठ्या मादीच्या पोटांत अनेक लहान माद्यांइतकीं अंडीं असतात. 'मोठा धरावा, लहान सोडावा' हा नियम इतर पुष्कळ माशांस ठीक आहे. रावसास तो अपुरा पडतो. सर्व मोठे काढून घेतले तर उरतात ते नर. आणि पाण्यांत मासे दिसत असूनहि वीण बसत जाते. कळपांतील सर्व गाई विकून नुसते खोंड ठेवणाऱ्या गवळ्याचें दूध किती दिवस चालेल, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको.

यासाठीं आमची सूचना अशी. वीतभर पिलू सोडावें. हातभर, मध्यम मासा ठेवावा. त्याहून पुष्कळ मोठा मासा लागल्यास, विशेषतः पोट भरलेलें दिसल्यास, गळ पाण्यांतच काढून सोडावा. रावस मात्र नाजूक आहे. त्याचे खवले सैल असतात, कोरड्या हातानें धरल्यास व पाण्याबाहेर फार वेळ ठेवल्यास तो सोडूनहि मरतो. म्हणून हात ओले करावे, कल्ल्यांत बोट घालूं नये, आणि घरापुरते दोन मासे मिळाले कीं गळ गुंडाळून ठेवावा. नुसत्या मौजेसाठीं धरून सोडीत राहणें हा रावसावर उपकार नव्हे.

महाराष्ट्र शासनानें १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा केला आहे, आणि २०२३ सालीं अनेक जातींच्या माशांची, ज्यांहून लहान धरूं नयेत, अशी किमान लांबी ठरवून दिली आहे. १ जून ते ३१ जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांस समुद्रांत बंदी असते. कांठावरून गरवणाऱ्यास ही बंदी नसली तरी पाणी गढूळ असल्यानें माशी तेव्हां निरुपयोगीच. तीहि तेव्हां विसांवूं द्यावी. सुरुंग किंवा विष घालून मासे मारणें तर १८९७ च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. व्हाळांत कीटकनाशकाचा डबा धुणारा मनुष्यहि तेंच करतो, मग त्याचा हेतु मासे मारण्याचा असो वा नसो.

याहून जमीनदारांच्या हातांत असलेली गोष्ट म्हणजे कांदळवन. रावसाचें खाद्य तेथें वाढतें. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेल्या निकालाप्रमाणें खासगी जमिनींतील कांदळवनहि तोडतां येत नाहीं. कायदा बाजूस ठेवला तरी, बांधापुढील कांदळ उधाणाचा मारा आपल्या अंगावर घेतात. ते तोडून बांधाची दुरुस्ती दरवर्षी करीत बसणें हा तोट्याचा व्यवहार आहे.

दोन शब्द आणखी. मासे धरून विकणें हा या किनाऱ्यावर गाबीत बंधूंचा पिढीजात व्यवसाय आहे. रापणीचे वांटे कमी होत चालले असतां, ज्याच्या पाठीशीं जमीन व बागायत आहे, त्यानें त्याच बाजारांत टोपली घेऊन बसणें शोभत नाहीं. आपला गळ आपल्या ताटापुरता असावा. दुसरें, तुटलेला तंगूस कांठावर टाकूं नये. त्यांत पक्षी व कासवें अडकतात, आणि गवताबरोबर तो गुरांच्या पोटांत गेल्यास जनावर दगावूं शकतें. तो गुंडाळून घरीं आणावा.

एक माशी बांधण्यास सवय झाल्यावर अर्धा तास पुरतो, आणि मुलें हें काम मोठ्या आवडीनें शिकतात. त्यांस पिसें निवडावयास, तिथीवरून भरती काढावयास आणि कोणता मासा सोडावयाचा हें ओळखावयास एकाच वेळीं शिकवावें. ज्या वाचकांच्या बांधाजवळ रावस येतो, त्यांनीं या हंगामांत कोणत्या तिथीस, कोणत्या रंगाच्या माशीवर व किती लांबीचा मासा लागला, आणि त्यांतील किती सोडले, याची टिपणी ठेवून आमच्याकडे पाठवावी. अशा पन्नास टिपण्या जमल्या म्हणजे आपल्या खाडीविषयीं आज ऐकीव असलेल्या पुष्कळ गोष्टी आधारानें सांगतां येतील.